दोन शहरांमधील हवाई अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ : अचूक अंदाज काढण्याची क्रमवार पद्धत

दोन शहरांमधले हवाई अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागेल, हे दोन प्रश्न बहुतेक जण एका दमात विचारतात आणि एकाच भागाकाराने सोडवतात. कुठून तरी अंतराचा आकडा घ्यायचा, त्याला विमानाच्या वेगाने भागायचे आणि आलेले उत्तर प्रवासाचा वेळ म्हणून वहीत उतरवायचे, अशी ही रीत आहे. अंतर दोन्ही दिशांना सारखेच असते; वेळ मात्र दिशेप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि प्रत्यक्ष घेतलेल्या मार्गाप्रमाणे बदलतो, हे या रीतीत सुटून जाते. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पुढच्या टप्प्यातला आकडा मागच्या टप्प्यावर उभा असल्यामुळे आधी झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही, आणि शेवटचे उत्तर विश्वसनीय दिसत असेल तर ती ध्यानातही येत नाही.

सगळीकडे न्यूयॉर्क ते लंडन हे एकच उदाहरण घेतले आहे, कारण वारा, रेखांश आणि घड्याळ या तिन्ही बाबतींत होणाऱ्या चुका या मार्गावर स्पष्ट दिसतात. जिथे वेगळा मुद्दा दाखवायचा आहे तिथेच दुसऱ्या शहरांचा आधार घेतला आहे.

पूर्वतयारी

त्रिकोणमितीची फले असलेला कॅल्क्युलेटर किंवा एक्सेलसारखी तक्तासारणी, दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश, प्रवासाची नेमकी तारीख, आणि त्या तारखेला दोन्ही ठिकाणी लागू असलेला यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक एवढे जवळ असावे. तारीख आधीच ठरवणे आवश्यक आहे. तारखेशिवाय अंतर काढता येते, पण वाऱ्याचा अंदाज करता येत नाही आणि घड्याळाचा हिशेबही पूर्ण होत नाही. शक्य असल्यास पृथ्वीचा गोल आणि एक दोरा जवळ ठेवावा; त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

टप्पा १ : नेमके काय मोजायचे आहे ते ठरवा

«अंतर» आणि «वेळ» या दोन शब्दांखाली प्रत्यक्षात पाच वेगवेगळ्या राशी असतात.

1. बृहद्वृत्तीय अंतर : पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर.
2. उडालेले अंतर : विमानाने त्या दिवशी खरोखर कापलेला मार्ग.
3. हवेतील वेळ : चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून ती पुन्हा टेकेपर्यंत.
4. ब्लॉक टाइम : विमान गेटवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत. वेळापत्रकात आणि तिकिटावर हाच वेळ असतो.
5. एकूण प्रवास : घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा वेळ.

कामाप्रमाणे यांतली एक राशी निवडावी लागते. युरोपीय संघाच्या विमानप्रवासी हक्कांविषयीच्या २००४ च्या नियमात भरपाईची वर्गवारी अंतरावर ठरते आणि ते अंतर बृहद्वृत्त पद्धतीने मोजण्याची तरतूद आहे. तिथे उडालेल्या अंतराचा आकडा पुढे करून काही साध्य होत नाही. इंधनाचा किंवा कार्बन उत्सर्जनाचा हिशेब असेल तर उडालेले अंतर हवे. पुढचे विमान गाठता येईल का, हे पाहायचे असेल तर ब्लॉक टाइम हवा.

एककही याच वेळी ठरवून टाकावे. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये देतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. सागरी मैल बरोबर १.८५२ किलोमीटरचा असतो, तर जमिनीवरचा साधा मैल सुमारे १.६०९ किलोमीटरचा. न्यूयॉर्क-लंडन हे एकच अंतर ५,५४० किलोमीटर, २,९९१ सागरी मैल किंवा ३,४४२ साधे मैल असे तीन प्रकारे लिहिलेले सापडते.

सावधान : नुसते «मैल» लिहिलेला आकडा जसाच्या तसा घेऊ नये. सागरी आणि साध्या मैलात सुमारे १५ टक्क्यांचा फरक आहे, आणि लांबच्या उड्डाणात तो तासाभराचा घोटाळा करतो.

टप्पा २ : शहराऐवजी विमानतळ निश्चित करा

विमान शहरातून उडत नाही, विमानतळावरून उडते. ऑनलाइन अंतरगणक मात्र बहुधा शहराचा मध्यबिंदू धरतात. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, तर हानेदा शहरालगत आहे. हजारो किलोमीटरच्या अंतरात ही तफावत किरकोळ ठरते. तीनचारशे किलोमीटरच्या प्रवासात ती मोठी असते, आणि एकूण प्रवासाच्या वेळात तर ती नेहमीच मोठी असते.

विमानतळ ओळखण्यासाठी आयटाचा (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) तीन अक्षरी संकेत वापरावा. जेएफके म्हणजे न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ आणि एलएचआर म्हणजे हीथ्रो. काही तीन अक्षरी संकेत पूर्ण शहरासाठी असतात, हेही लक्षात ठेवावे. एलओएन हा संकेत लंडनच्या सगळ्या विमानतळांना मिळून आहे, त्यामुळे तो टाकून काढलेले अंतर नेमके कोणत्या बिंदूपासूनचे आहे हे कळत नाही.

पडताळणी : निवडलेल्या विमानतळाचा देश मोठ्याने वाचावा. लंडन नावाचे एक शहर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात आहे, सिडनी नावाचे एक गाव नोव्हा स्कोशियात आहे, आणि सॅन होसे कोस्टा रिकातही आहे व कॅलिफोर्नियातही. शेवटच्या दोघांचे संकेत एसजेओ आणि एसजेसी असे एका अक्षराने वेगळे आहेत.

टप्पा ३ : अक्षांश-रेखांश योग्य रूपात लिहा

अक्षांश-रेखांश दोन रूपांत मिळतात. एक अंश, मिनिटे व सेकंद यांचे आणि दुसरे दशांश अंशांचे. सूत्रासाठी दशांश रूप हवे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून ती अंशांत मिळवावीत. केनेडी विमानतळाचा अक्षांश ४० अंश ३८ मिनिटे २३ सेकंद उत्तर, म्हणजे ४०.६४ अंश होतो. मिनिटे थेट दशांश चिन्हापुढे लिहून ४०.३८ करणारे पुष्कळ आहेत. तेवढ्याने विमानतळ जवळजवळ २९ किलोमीटर दक्षिणेला, समुद्रात सरकतो.

उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन, दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण, हा संकेत पाळावा. आपल्या उदाहरणात आकडे असे येतात :

- केनेडी : अक्षांश ४०.६४, रेखांश −७३.७८
- हीथ्रो : अक्षांश ५१.४७, रेखांश −०.४५

चिन्हाची चूक वाटते त्याहून जास्त फसवी असते. केनेडीच्या रेखांशातले ऋण चिन्ह गळले तर तो बिंदू थेट किर्गिझस्तानात जाऊन पडतो. पण हीथ्रो मूळ रेखावृत्ताला इतका लागून आहे की त्या बिंदूपासून लंडनचे अंतरही सुमारे ५,६०० किलोमीटर येते. उत्तर फक्त ६० किलोमीटरने चुकते आणि कोणालाही शंका येत नाही. हीच चूक दुसऱ्या मार्गावर हजारो किलोमीटरची ठरू शकते.

पडताळणी : सूत्र चालवण्यापूर्वी दोन्ही जोड्या नकाशावर टाकून पाहाव्यात. बिंदू धावपट्टीवर किंवा तिच्या अगदी जवळ पडला पाहिजे.

टप्पा ४ : बृहद्वृत्तीय अंतर काढा

बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर उमटवलेले वर्तुळ. दोन बिंदूंमधून जाणाऱ्या या वर्तुळाचा लहान कंस हेच त्यांच्यामधले सर्वांत कमी अंतर. ते काढण्यासाठी हॅवरसाइन सूत्र वापरावे. कमी अंतरावरही ते अचूकता टिकवते आणि साध्या तक्तासारणीत सहज मांडता येते. त्याच्या पायऱ्या अशा :

1. अक्षांशांतील फरक काढा : ५१.४७ − ४०.६४ = १०.८३ अंश.
2. रेखांशांतील फरक काढा : −०.४५ − (−७३.७८) = ७३.३३ अंश.
3. अक्षांशफरकाच्या निम्म्याचा साइन घेऊन त्याचा वर्ग करा : साइन ५.४१५ अंश = ०.०९४४, वर्ग ०.००८९.
4. रेखांशफरकाच्या निम्म्याचा साइन घेऊन त्याचा वर्ग करा : साइन ३६.६६५ अंश = ०.५९७१, वर्ग ०.३५६६.
5. चौथ्या पायरीच्या उत्तराला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा : ०.३५६६ × ०.७५८८ × ०.६२२९ = ०.१६८५.
6. तिसऱ्या आणि पाचव्या पायरीच्या उत्तरांची बेरीज करा : ०.१७७४.
7. बेरजेचे वर्गमूळ काढा (०.४२१२), त्याचा व्यस्त साइन घ्या (सुमारे २४.९१ अंश) आणि दुप्पट करा : सुमारे ४९.८३ अंश.
8. एका अंशाला १११.१९५ किलोमीटर धरून गुणा : सुमारे ५,५४० किलोमीटर.

शेवटचा गुणक पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून येतो. तक्तासारणीतील साइन आणि कोसाइन ही फले कोन रेडियनमध्ये मागतात, म्हणून प्रत्येक कोनाला आधी रेडियनमध्ये बदलावे. हे विसरल्यास सारणी कोणतीही तक्रार न करता निरर्थक उत्तर देते.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवावर सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. गोल धरल्याने येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. वेळेच्या अंदाजासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे. किलोमीटरपर्यंत नेमका आकडा हवा असेल, तर डब्ल्यूजीएस ८४ हा लंबगोल वापरणारे साधन निवडावे. कोणत्याही परिस्थितीत ५,५४०.३७ असे दशांश लिहू नयेत, कारण मूळ अक्षांश-रेखांशच तितके नेमके घेतलेले नाहीत.

या टप्प्यावरच्या दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, अंशांतल्या फरकांना पायथागोरसचे सूत्र लावून १११ ने गुणणे. आपल्या उदाहरणात त्याने ८,२३० किलोमीटर येतात, म्हणजे जवळजवळ निम्म्याने जास्त. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असला तरी ध्रुवाकडे जाताना तो आक्रसत जातो आणि लंडनच्या अक्षांशावर तो ७० किलोमीटरच्याही खाली येतो, हे त्या गणितात धरलेले नसते. दुसरी चूक म्हणजे सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजणे. मर्केटर या प्रचलित सपाट नकाशावरची सरळ रेषा म्हणजे होकायंत्राची दिशा सतत एकच ठेवणारा मार्ग, आणि न्यूयॉर्क-लंडनमध्ये त्याची लांबी सुमारे ५,७६० किलोमीटर भरते. २२० किलोमीटर उगाच वाढतात. विमानातल्या पडद्यावर मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो म्हणून वैमानिक वळसा घेत आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तोच जवळचा मार्ग असतो.

सावधान : रेखांशांतला फरक १८० अंशांपेक्षा जास्त आला तर तो ३६० मधून वजा करावा. टोकियो १४०.३९ पूर्व आणि लॉस एंजेलिस ११८.४१ पश्चिम असताना फरक २५८.८० येतो, खरा फरक १०१.२० अंश आहे. हॅवरसाइन सूत्रात दोन्हींचे उत्तर एकच येते, पण इतर अंदाजी सूत्रांत येत नाही.

पडताळणी : गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून तो विषुववृत्तावर ठेवावा; विषुववृत्ताची पूर्ण लांबी सुमारे ४०,०७५ किलोमीटर धरून त्रैराशिक मांडावे. उत्तरात पाच टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर आकडेमोड पुन्हा तपासावी. पृथ्वीवर कोणतीही दोन ठिकाणे सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असू शकत नाहीत, हेही ध्यानात असावे.

टप्पा ५ : प्रत्यक्ष मार्गासाठी वाढ धरा

उड्डाणानंतर आणि उतरण्यापूर्वी ठरलेल्या वाटांनी वळावे लागते, मधले हवाई मार्ग अगदी बृहद्वृत्तावरून जात नाहीत, आणि वादळे टाळावी लागतात. लांबच्या उड्डाणाला तीन ते पाच टक्के वाढ धरणे मला योग्य वाटते. पाचशे किलोमीटरच्या आतल्या उड्डाणाला टक्केवारी लावू नये, कारण तिथे सुरुवातीचे आणि शेवटचे वळणच मोठा हिस्सा खाते. उत्सर्जनाच्या हिशेबासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या गणकात ठरावीक वाढ आहे : ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतराला ५०, साडेपाच हजारांपर्यंत १००, त्यापुढे १२५ किलोमीटर. आपल्या उदाहरणात चार टक्के धरून ५,७६० किलोमीटर होतात. हा आकडा मर्केटर नकाशावरच्या लांबीशी जुळतो तो केवळ योगायोगाने.

मोठे वळसे मात्र टक्केवारीत बसत नाहीत. हेलसिंकी ते टोकियो बृहद्वृत्तीय अंतर सुमारे ७,८३० किलोमीटर आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे हवाई क्षेत्र फिनलंडच्या विमानांना बंद झाले आणि साडेनऊ तासांच्या आसपास असलेले उड्डाण सुमारे तेरा तासांवर गेले. तिबेटच्या पठारावरूनही विमाने सहसा जात नाहीत, कारण केबिनमधला दाब गेल्यास श्वास घेता येईल अशा सुमारे १०,००० फुटांपर्यंत उतरायला खाली जागाच नसते. दोन इंजिनांच्या विमानांना एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ मार्गालगत असावा लागतो. दक्षिण गोलार्धातल्या विस्तीर्ण समुद्रांवर या अटीने मार्ग वाकतो.

पडताळणी : उड्डाणांचा मागोवा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच मार्गाच्या गेल्या काही दिवसांतल्या उड्डाणांच्या रेषा पाहाव्यात. एकच दिवस पाहून निष्कर्ष काढू नये.

टप्पा ६ : हवेतील वेळ काढा

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करावा.

आधी विमानाचा प्रकार पाहावा. जेट विमानाचा स्थिर वेग, म्हणजे उंचीवर पोहोचल्यानंतरचा वेग, मॅक अंकात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पटीत सांगतात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस धरले, तर तिथे ध्वनीचा वेग तासाला सुमारे १,०६२ किलोमीटर असतो. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० ही विमाने साधारण मॅक ०.७८ च्या आसपास, म्हणजे तासाला सुमारे ८३० किलोमीटरने उडतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मॅक ०.८५ च्या आसपास, म्हणजे सुमारे ९०० किलोमीटरने. एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास असते. एकच मार्ग जेट आणि पंख्याचे विमान असे दोन्ही वापरत असतील, तर तिकिटावरचा विमानाचा प्रकार वाचल्याशिवाय वेळ सांगू नये.

हा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे. हवाच चालत असेल तर जमिनीवरचा वेग बदलतो. मध्य अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, हिवाळ्यात ते जास्त जोरदार असतात, आणि त्यांचा वेग १०० नॉटच्या, म्हणजे तासाला १८५ किलोमीटरच्या वर सहज जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ अशाच वाऱ्यावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. त्याचा जमिनीवरचा वेग तासाला १,३०० किलोमीटरपलीकडे गेला होता, तरी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडलेला नव्हता; भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चालले होते.

आता हिशेब मांडू. संपूर्ण मार्गावर सरासरी १०० किलोमीटर प्रतितास पश्चिमेचा वारा धरला, तर पूर्वेकडे जाताना जमिनीवरचा वेग ९०० + १०० = १,००० आणि परत येताना ९०० − १०० = ८०० होतो.

- न्यूयॉर्क ते लंडन : ५,७६० ÷ १,००० = ५.७६ तास, म्हणजे ५ तास ४६ मिनिटे.
- लंडन ते न्यूयॉर्क : ५,७६० ÷ ८०० = ७.२ तास, म्हणजे ७ तास १२ मिनिटे.

यात चढाई आणि उतरण या काळातला कमी वेग धरलेला नाही. त्यासाठी दोन्ही उत्तरांत १५ ते २० मिनिटे मिळवावीत. वीस मिनिटे धरून हवेतील वेळ अनुक्रमे ६ तास ६ मिनिटे आणि ७ तास ३२ मिनिटे होतो.

सावधान : जाताना वाचलेला वेळ येताना तितकाच जास्त लागतो आणि हिशेब फिटतो, असे समजू नये. वारा नसता तर प्रत्येक फेरीला ६.४ तास, दोन्ही मिळून १२.८ तास लागले असते, वाऱ्यासह ५.७६ + ७.२ = १२.९६ तास लागतात. समोरून येणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त काळ राहते, त्यामुळे नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठे असते.

सावधान : ५.७६ तास म्हणजे ५ तास ७६ मिनिटे नव्हेत. दशांश भागाला ६० ने गुणूनच मिनिटे काढावीत.

याच कारणाने, दोन्ही दिशांना एकच वेळ दाखवणाऱ्या गणकावर लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासासाठी विसंबू नये. असे गणक अंतराला एका ठरावीक वेगाने भागून वर अर्धा तास मिळवतात. उत्तर-दक्षिण प्रवासात त्यांचे उत्तर बरेच जुळते. वाऱ्याचा फायदा मोठा असेल तर विमान कंपन्या मुद्दाम लांबचा मार्गही घेतात. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारे थेट उड्डाण बृहद्वृत्ताप्रमाणे ध्रुवाजवळून जायला हवे, पण पाठीमागचा वारा मिळवण्यासाठी ते अनेकदा पॅसिफिक महासागरावरून जाते.

टप्पा ७ : ब्लॉक टाइमपर्यंत या

हवेतील वेळात विमान गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि धावपट्टीपासून गेटपर्यंत जमिनीवरून चालत जाण्याचा वेळ मिळवावा. गर्दीच्या विमानतळावर दोन्हींचे मिळून अर्धा तास धरणे सुरक्षित असते. लहान विमानतळावर पंधरा मिनिटे पुरतात. आपल्या उदाहरणात पूर्वेकडे ६ तास ३६ मिनिटे आणि पश्चिमेकडे ८ तास २ मिनिटे होतात. प्रत्यक्ष वेळापत्रकात साधारण सात आणि आठ तास दिसतात, कारण कंपन्या वक्तशीरपणासाठी काही मिनिटे राखून ठेवतात. विमान «वेळेआधी» उतरते त्याचे एक कारण हेच.

कमी अंतरावर हा भाग निर्णायक ठरतो. पाचशे किलोमीटरला ८०० ने भागले तर सुमारे ३८ मिनिटे येतात, पण चढाई-उतरण आणि जमिनीवरचे चालणे मिळवून ब्लॉक टाइम सव्वा तासाच्या आसपास जातो. अंतर दुप्पट केल्याने वेळ दुप्पट होत नाही तो यामुळेच.

टप्पा ८ : स्थानिक वेळ काढा

दोन शहरांची घड्याळे एकमेकांतून थेट वजा करू नयेत. नेहमी यूटीसीच्या मार्गाने जावे :

1. निघण्याची स्थानिक वेळ यूटीसीत बदला.
2. तिच्यात ब्लॉक टाइम मिळवा.
3. आलेली वेळ पोहोचण्याच्या ठिकाणच्या स्थानिक वेळेत बदला.
4. प्रत्येक पायरीवर तारीख शेजारी लिहा.

हिवाळ्यात न्यूयॉर्क यूटीसीच्या पाच तास मागे आणि लंडन यूटीसीबरोबर असते. न्यूयॉर्कहून १० जानेवारीला २१:३० ला निघालेले विमान म्हणजे ११ जानेवारी ०२:३० यूटीसी. त्यात सात तास मिळवून ०९:३० यूटीसी, आणि लंडनमध्येही ११ तारखेचे ०९:३०. घड्याळे थेट वजा करणाऱ्याला हा प्रवास बारा तासांचा वाटतो. उलट दिशेला ११:०० ला निघून आठ तासांनी १९:०० यूटीसीला, म्हणजे न्यूयॉर्कच्या १४:०० ला पोहोचणारे विमान त्याच पद्धतीने तीन तासांचे वाटते.

उन्हाळी वेळेचा फरक तारखेनुसार तपासावा. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात; ब्रिटन आणि युरोपीय संघात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा न्यूयॉर्क-लंडन फरक पाच तासांऐवजी चार तासांचा असतो. भारत, जपान आणि सिंगापूर उन्हाळी वेळ पाळत नाहीत, म्हणून ती पाळणाऱ्या देशांशी असलेला त्यांचा फरक वर्षातून दोनदा बदलतो. सगळे फरक पूर्ण तासांचेही नसतात : भारताचा साडेपाच, नेपाळचा पावणेसहा तासांचा आहे.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख लिहिण्याची सवय विशेष उपयोगी पडते. टोकियोहून १० जानेवारीला १७:०० ला निघालो तर ते ०८:०० यूटीसी. दहा तासांनी १८:०० यूटीसी, आणि लॉस एंजेलिसमध्ये त्याच १० तारखेचे सकाळचे १०:००. निघण्याच्या आधीची वेळ दिसते म्हणून हिशेब चुकला असे समजून तारीख बदलू नये.

पडताळणी : पोहोचण्याच्या वेळेपुढे +१ किंवा −१ असे चिन्ह वेळापत्रकात असेल, तर आपल्या हिशेबातली तारीख त्याच्याशी जुळली पाहिजे.

टप्पा ९ : थांबे असतील तर तुकड्यांत मोजा

मधे विमान बदलायचे असेल तर प्रत्येक तुकड्याचे अंतर आणि ब्लॉक टाइम स्वतंत्र काढून बेरीज करावी. सिंगापूर ते न्यूयॉर्क थेट बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १५,३४० किलोमीटर आहे. फ्रँकफर्टमार्गे गेल्यास १०,२८० आणि ६,१९० मिळून १६,४७० किलोमीटर होतात. अंतरात वाढ हजारभर किलोमीटरचीच आहे, पण दुसरी चढाई, दुसरी उतरण आणि विमानतळावरचा मुक्काम यांमुळे वेळ कितीतरी जास्त वाढतो.

तिकिटावर «डायरेक्ट» असे लिहिले असले तरी विमान मधे उतरणार नाही, असा त्याचा अर्थ नसतो. उड्डाण क्रमांक एकच राहतो, एवढेच ते सांगते. न थांबता जाणारे हवे असेल तर «नॉन-स्टॉप» हा शब्द शोधावा.

विमान बदलण्यासाठी विमानतळाने ठरवलेला किमान वेळ ही खालची मर्यादा समजावी. टर्मिनल बदलायचे असेल, इमिग्रेशनमधून जायचे असेल किंवा दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर त्यावर भरपूर वेळ राखावा, कारण वेगळ्या तिकिटांवर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी येत नाही. दोन विमानतळ एकाच शहराचे असले, तरी एकावर उतरून दुसऱ्यावरून निघायचे असल्यास सामान परत घेणे, शहर ओलांडणे आणि पुन्हा तपासणी यांचा वेळ तिसरा तुकडा म्हणून स्वतंत्र मांडावा.

घरापासून विमानतळापर्यंतचा आणि उतरल्यावर मुक्कामापर्यंतचा वेळ सर्वांत शेवटी, त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळेला रस्त्यावर जी गर्दी असेल ती धरून मिळवावा. म्हणूनच आठव्या टप्प्यातली पोहोचण्याची वेळ हाती आल्याशिवाय हा आकडा लिहिता येत नाही.